दूध तापेपर्यंत

खट्. एवढासाच आवाज. दुपारची जेवणं आटोपल्यावर घरात जी शांतता पडते, जिच्यात फ्रिजसुद्धा दबकत घुमतो, तिच्यात तो आवाज झाला आणि गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या क्रांतीचे हात दोरीवरच थांबले. तोंडात चिमटा होता, खांद्यावर आरोहीचा ओला फ्रॉक. आवाज ओळखीचा होता. रोज झोपण्याआधी तो तिच्याच हाताने व्हायचा. गॅलरीच्या सरकत्या काचेच्या दाराला अगदी खाली, जमिनीलगत, तिच्या नवऱ्याने, सुजितने, एक उभी खिट्टी बसवून घेतली होती. ती क्रांतीच्या वडिलांसाठी. बाळाजींना हल्ली दार दिसलं की उघडून निघायची सवय लागली होती, आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून निघून माणूस जाणार कुठे, हे त्यांना समजावण्याचे दिवस मागे पडले होते. "खाली बसवू या, बाबा वाकून बघायचे नाहीत," सुजित म्हणाला होता आणि ते खरंही ठरलं. बाबा दाराशी यायचे, काच चाचपायचे, वरच्या बाजूला कडी शोधायचे आणि माघारी फिरायचे. पण म्हाताऱ्या माणसाची नजर जिथे पोचत नाही तिथेच तीन वर्षांच्या मुलीचं सगळं जग असतं, हे खिट्टी बसवताना कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. क्रांती वळली. काचेपलीकडे आरोही उकिडवी बसली होती. एक बोट अजून खिट्टीवर, आणि चेहऱ्यावर मोठं काम हातावेगळं केल्याचं समाधान.

क्रांतीला आधी हसूच आलं.

"लावली," आरोही म्हणाली. काचेतून तिचा आवाज गोधडीखालून आल्यासारखा येत होता.

"शहाणी माझी बाय. आता वर ओढ बघू."

आरोहीने ओढली. खिट्टी नवी, घट्ट. खाली दाबायला एक बोट पुरे, वर ओढायला मोठ्या माणसाचा अंगठा आणि थोडा राग लागायचा.

"नाही येत."

"दोन्ही हातांनी ओढ. अश्शी."

"नंतर," आरोही म्हणाली आणि उठून उभी राहिली.

हा 'नंतर' क्रांतीचाच होता, अगदी तिच्याच स्वरातला. दिवसभर ती तो वाटत सुटायची. गोष्ट सांग, नंतर. कडेवर घे, नंतर. हे बघ मी काय केलं. नंतर गं राणी. न्हावा शेव्याच्या बंदरात माल पाठवणाऱ्या एका लहानशा ऑफिसची कागदपत्रं ती घरून बघायची, आणि त्या कामात एक शब्द चाबकासारखा हवेत फिरत असायचा: कटऑफ. जहाज सुटण्याआधी ठरलेल्या वेळेला गेट बंद होतं. त्यानंतर आलेला कंटेनर मग कितीही मोठ्या सेठचा असो, पुढच्या जहाजापर्यंत पडून राहतो. त्यामुळे क्रांतीचा दिवस कायम पुढच्या टोकाकडून खेचल्यासारखा पळायचा. सकाळ कधी उजाडली आणि संध्याकाळ कधी अंगावर आली, मधे काय झालं, विचारलं तर सांगता यायचं नाही. आरोही परवा पालथी पडत होती, काल रांगत होती, आज दारं लावते आहे. मधली वर्षं कुणी पळवली, असं तिला कधी कधी कपड्यांच्या घड्या घालताना वाटायचं, आणि मग तेवढ्यात कुकरची शिट्टी व्हायची. आरोहीचं मात्र निराळंच होतं. तिच्यासाठी जे जे होऊन गेलं ते सगळं 'काल' होतं. दिवाळी काल होती, ताप काल आला होता, आजी काल देवाकडे गेली, आणि मघाशी खाल्लेला केळ्याचा तुकडासुद्धा कालचाच. तिच्या मागे एकच एक दिवस होता, खूप मोठा, आणि त्यात सगळी माणसं, फटाके आणि ताप गुण्यागोविंदाने नांदत होते.

तेवढ्यात क्रांतीला दूध आठवलं.

तिने दूध गॅसवर ठेवलं होतं. बारीक आच, मोठं पातेलं, काठोकाठ. तापेपर्यंत एवढे चार कपडे वाळत घालून होतील, असा तिचा हिशेब होता, रोजचाच. दूध उतू जाईल, आच विझेल आणि गॅस सुरूच राहील. किंवा विझणार नाही, आणि आरोही आतलं निळं स्टूल ओढत ओट्याशी जाईल, कारण हे ओट्याशी जाणं ती गेल्याच आठवड्यात शिकली होती आणि शिकल्यापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. बाबा आतल्या खोलीत झोपलेले. बाहेरच्या दाराला वरची कडी, तीही बाबांसाठीच. फोन सोफ्यावर. हे सगळं क्रांतीच्या मनात एकाच वेळी उभं राहिलं, आणि त्याबरोबर पळणारा दिवस जागच्या जागी थांबला. म्हणजे काय झालं ते तिला पुढे कुणाला नीट सांगता आलं नाही. खाली रस्त्यावरून ट्रेलर जात होता, त्याचं एकेक चाक तिला वेगळं ऐकू आलं. फ्रॉकच्या कडेला एक थेंब जमत होता. तो लांबला, पडला, आणि तिच्या पायाच्या बोटावर गार लागला. मग दुसरा जमू लागला. दोन थेंबांच्या मधे इतकी जागा असते हे तिला माहीत नव्हतं. नाही, माहीत होतं. कधीतरी होतं.

लहानपणी ती बाबांबरोबर मिठागरात जायची. उरणच्या या अंगाला तेव्हा खाडीपर्यंत मिठागरंच होती, चौकोनी वाफ्यांची, आरशांसारखी. बांधावर बसून पाण्याचं मीठ कधी होतं ते बघायचं, एवढंच तिला काम. तिची आई गोदू वाफ्याच्या कडेने मीठ ओढत असायची आणि बाबा एका वाफ्यातून दुसऱ्यात पाणी सोडत असायचे. आधी पाणी नुसतंच चमकायचं. मग त्यावर साय धरल्यासारखं काहीतरी दिसायचं आणि पुन्हा नाहीसं व्हायचं. ती विचारायची, कवा व्हईल? बाबा म्हणायचे, व्हईल तवा दिसल. त्यांच्याकडे लग्नात मिळालेलं मनगटी घड्याळ होतं, पण ते मुंबईला जायचं असेल तेव्हाच घालायचे, मोरा बंदरात लाँच पकडायला; आणि ओहोटीला लाँच धक्क्याला लागायचीच नाही, त्यामुळे घड्याळाने लाँच चुकवलेली असायची आणि समुद्राने ती अजून आणलेलीच नसायची. आई त्यावरून त्यांना हसायची. त्या बांधावरची एकेक दुपार म्हणजे अख्खा उन्हाळा होता. तिच्या पुढच्या आयुष्यातली वर्षंच्या वर्षं त्या एका दुपारीत मावली असती. आता मिठागरांच्या जागी रस्ते होते, गोदामं होती, आणि गॅलरीच्या समोर जो एक तुकडा राहिला होता त्यात खारफुटी, मागे खाडी, आणि खाडीपलीकडे बंदराच्या क्रेन मान वर करून उभ्या. क्रांतीने ते सगळं पाठीमागे ठेवून काचेला नाक लावलं.

"आरू, इकडे बघ. आईकडे बघ. खेळ खेळायचा?"

आरोही थांबली. खेळ या शब्दाला ती थांबायचीच. क्रांतीने काचेवर बोट ठेवलं, आरोहीने पलीकडून त्याच जागी आपलं ठेवलं. क्रांतीने बोट सरकवलं, तिनेही सरकवलं. आपला श्वास काचेवर उमटतो आहे, तो पुसायचा नाही, हसत राहायचं, ओरडायचं नाही. ओरडलं तर ती घाबरून आत पळेल. आणि बोट असं गोल फिरवता फिरवता क्रांतीने आपल्या मुलीकडे पाहिलं. भीतीने तिचे डोळे इतके मोठे केले होते की त्यांत सगळंच शिरत होतं. आरोहीच्या डाव्या भुवईत मधेच एक रेघ आहे, तिथे केस उगवत नाहीत. ती कधीपासून आहे? खालच्या ओठाला मधोमध घडी पडते, तशी आईच्या ओठाला पडायची. कपाळावरची बट घामाने चिकटून प्रश्नचिन्हासारखी झाली आहे. बोट फिरवताना जीभ थोडी बाहेर येते आणि ज्या बाजूला बोट जातं त्या बाजूला जीभही जाते. आपण हिला रोज न्हाऊ घालतो, भरवतो, झोपवतो, आणि हिला शेवटचं असं कधी पाहिलं? पाहिलंच नव्हतं. दवाखान्यात पहिल्या सकाळी पाहिलं होतं, तेव्हाही वेळ असाच थांबला होता. त्यानंतर आज. त्या भीतीच्या ऐन मध्यात, दूध तापत असताना, क्रांतीच्या छातीत कृतज्ञतेसारखं काहीतरी हललं, आणि तिला स्वतःचीच शरम वाटली, की हे आत्ता सुचावं?

आत फोन वाजला. आरोहीचं बोट काचेवरून निसटलं.

"फोन," ती म्हणाली.

"वाजू दे. इकडे ये."

"मामा आहे," आरोही सोफ्याजवळून म्हणाली. हितेशमामाचा फोटो तिला ओळखता यायचा.

कोण आहे आणि कशासाठी, क्रांतीलाही ठाऊक होतं. हितेश तिचा मोठा भाऊ, कळंबोलीला राहायचा, त्याचे ट्रेलर चालायचे. कर्जतकडे एक संस्था त्याने बघून ठेवली होती, म्हाताऱ्या माणसांची, स्वच्छ, मोकळी, झाडंबिडं असलेली. तिथे जागा निघाली होती आणि आज दुपारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. गेल्या महिन्यात बाबांनी बाथरूमचे सगळे नळ सोडून ठेवले होते आणि उंबऱ्यावर उभे राहून पाणी चढताना बघत होते. पाणी हॉलमध्ये, हॉलमधून जिन्यात, जिन्यातून खालच्या मृणालीच्या घरात. क्रांती ऑफिसच्या कॉलवर होती. तिने धावत येऊन नळ बंद केले तेव्हा बाबा चिडले होते. भरती वाया घालवलीस, म्हणाले. त्या रात्री ती हितेशला फोन करून रडली होती, की दादा, मला नाही जमत. आज ती हो म्हणणार होती. कपडे वाळत घालून झाले की फोन करायचा, हो म्हणायचं, आणि मग दूध उतरवायचं, असं तिने मनात लावून ठेवलं होतं.

फोन थांबला. खालच्या गॅलरीतून मृणालीचा आवाज आला.

"क्रांती, कुणाशी बोलतेस गं? आज काकांनी पाणी नाही ना सोडलं? नाही, मी गादी उन्हात टाकलीय, म्हणून विचारते."

क्रांतीने कठड्यावरून वाकून खाली पाहिलं. मृणाली मान वर करून, हातात गादी बडवायची काठी.

"मी बाहेर अडकलेय. आरूने खिट्टी लावली. गॅस चालू आहे."

मृणालीच्या चेहऱ्यावरची थट्टा पुसली गेली. "अगं, चावी आहे ना तुझी माझ्याकडे."

"आतून वरची कडी आहे."

"मग काय लोणचं घालायचं त्या चावीचं? थांब, मी येते वर. बेल मारते, काका उठतील."

"उठून काय करणार आहेत ते?" क्रांती म्हणाली.

वाक्य तोंडातून गेलं आणि खाली मृणालीपर्यंत पोचायच्या आधीच ते तिला स्वतःला ऐकू आलं. मृणाली काठी टाकून आत गेली.

क्रांती पुन्हा काचेशी आली तेव्हा आरोही दिसत नव्हती. हॉल रिकामा. सोफा, फोन, भिंतीवरचं घड्याळ, ज्याचा काटा चालतो आहे की नाही तेही कळत नव्हतं. मग आतून ओळखीची घरघर आली, प्लास्टिकचे पाय फरशीवर घासल्याची, आणि बेडरूमच्या दारातून निळं स्टूल पुढे आलं, त्याच्यामागे आरोही, पाठमोरी, ओढत. स्टूल फरशीच्या एका सांध्यावर अडलं. तिने ते सोडवलं. क्रांतीने हाक मारली. खेळ, म्हणाली. गोष्ट, म्हणाली. चॉकलेट, म्हणाली. मग तिने काचेवर दोन्ही हात आपटले, आणि तसं करायचं नाही हे तिनेच मघाशी ठरवलं होतं. आरोहीने दचकून पाहिलं आणि ती स्टूल घेऊन थोडी लांब सरकली, स्वयंपाकघराच्या बाजूला.

बेल वाजली. पुन्हा वाजली. मृणालीने बेलवरून बोट काढलंच नसावं. आतल्या खोलीतली कॉट कुरकुरली आणि बाबा दारात आले.

झोपेतून उठलेले, बनियन आणि लुंगीवर, केस एका बाजूला उभे. त्यांनी बेल वाजते आहे तिकडे पाहिलं नाही. हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि उजेडाकडे, म्हणजे क्रांतीकडे, बघू लागले. क्रांती ओरडली, "बाबा, गॅस बंद करा. बाबा, दूध." ते पुढे आले. काचेशी थांबून त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं, दारी आलेल्या परक्या बाईकडे बघावं तसं, मर्यादेने.

"कोन पायजे, बाय?"

"बाबा, मी क्रांती. खाली बघा. खिट्टी वर करा. खाली, खाली."

त्यांनी मान हलवली, कळल्यासारखी. मग वर हात नेऊन कडी शोधली. ती नव्हती. हात खाली आला. आता ते माघारी फिरणार हे तिला दिसत होतं, रोजच फिरायचे. पण ते फिरले नाहीत. त्यांची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली होती आणि तिथेच राहिली. क्रांतीने वळून पाहिलं. पौर्णिमा होती. उधाणाची भरती ऐन दुपारी येते, हे एकेकाळी तिला पाठ असलेलं, ती विसरून गेली होती. खाडी चढली होती. खारफुटीच्या बुंध्यांत पाणी शिरलं होतं, मधली चिखलवाट बुडाली होती, आणि सगळीकडून तो चमकता, जडसा उजेड वर येत होता. बाबांच्या कपाळावर तो हलत होता. त्यांच्या डोळ्यांत दुपार होती, पण ती आजची नव्हती, आणि क्रांतीला कळलं की आपण चुकीच्या दिवसातून हाका मारतो आहोत. आपल्या दिवसात त्यांना येता येत नाही. त्यांच्या दिवसात आपल्याला जाता येईल का? मिठागराच्या बांधाला एक जागा असायची, उघाडी, खाडीचं पाणी आत घ्यायची. तिला एक जाड लाकडी फळी, खाचेत उभी बसवलेली. उधाणाला ती उचलायची आणि पाणी फिरायच्या आत खाली सोडायची. बाबा फळीशी उभे राहायचे, आई बांधाच्या टोकाला, खाडीवर डोळा ठेवून. मग आई हाक द्यायची. ती हाक क्रांतीच्या कानात कुठे होती कोण जाणे. तिने तोंड उघडलं आणि ती बाहेर आली, आईच्या गळ्यातून यावी तशी, शेवटाला ओढलेली.

"अवं, पानी आलं. फली उचला."

बाबांचं अंग बदललं. पाठ सरळ झाली. त्यांनी लुंगी गुडघ्यांच्या वर खोचली, पाय फाकवून उभे राहिले, आणि वाकले. कित्येक महिन्यांत त्यांना असं वाकताना तिने पाहिलं नव्हतं. त्यांचे हात दाराच्या चौकटीवरून खाली, खाली येत गेले, न बघता, आंधळ्यासारखे आणि अगदी खात्रीने, आणि जमिनीशी, जिथे फळीची खाच असायची तिथे, त्यांच्या बोटांना खिट्टी लागली.

"सावकाश," ते स्वतःशी म्हणाले. काचेच्या फटीतून क्रांतीला ते ऐकू आलं. "येकदम न्हाय उचलाची. बांद जाल."

आणि त्यांनी खिट्टी सावकाश उचलली. इतकी सावकाश की क्रांतीला ओरडावंसं वाटलं, आणि ती ओरडली नाही. आतून दुधाचा गोडसर, जड वास येत होता. बाबांच्या मागे स्टूल पुन्हा घरघरलं आणि स्वयंपाकघराच्या चौकटीशी थांबलं. खिट्टी थोडी वर आली. बाबा थांबले, पाण्याचा जोर अजमावत असावेत तसे. आणखी थोडी आली. क्रांती काचेवर तळवे टेकून उभी होती आणि ओठांत म्हणत होती, हां, हां, जसं आई म्हणायची. मग खिट्टी सुटली. बाबांनी दार बाजूला लोटलं आणि पाणी आत यायला वाट द्यावी म्हणून एक पाऊल मागे सरले.

"क्रांते," ते स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, आरोहीला, दरडावून, "बाजूला हो पोरी. पाय भिजतील."

आरोही स्टुलाजवळ जागच्या जागी उभी राहिली आणि तिने आपल्या पायांकडे पाहिलं. क्रांती तिच्या शेजारून आत गेली आणि गॅस बंद केला. दुधावर साय धरली होती. कडेने नुकते बुडबुडे येऊ लागले होते, एकेक, घाई नसल्यासारखे. दूध अजून उतू जायचंच होतं. क्रांतीने ओट्याची कड घट्ट धरली. मग तिला कळलं की आपण जे सगळं जगून आलो, तो बांध, आई, ती भुवईतली रेघ, मृणालीला बोललेलं ते वाक्य, ते सगळं एका पातेल्याच्या बारीक आचेवर मावलं होतं.

तिने दाराची कडी काढली. मृणाली धापा टाकत आत आली, एकदा आरोहीकडे आणि एकदा काकांकडे पाहून सोफ्यावर बसली.

"मी बेल काय वाजवते आणि तू उघडतेस काय. दोन मिनिटं नाही झाली. मला वाटलं आता मिस्त्री, शिडी, सगळी जत्रा."

"दोन मिनिटं?"

"नाहीतर काय. गादी तशीच पडलीय खाली." मग तिने क्रांतीचा चेहरा पाहिला आणि आवाज उतरवला. "बस जरा. पाणी देऊ? कुणी उघडलं, पोरीने?"

"बाबांनी."

मृणालीने बाबांकडे पाहिलं. ते गॅलरीच्या दाराशी जमिनीवर बसले होते, हात गुडघ्यांवर, दमलेले, खाडीकडे तोंड करून. "सकालपासना उबा हाय," ते म्हणाले, कुणाला उद्देशून नाही. "यंदा पानी ब्येस आलं." मृणालीने पदर नसताना पदर सावरल्यासारखी ओढणी नीट केली. "काका, चहा घेणार?" तिने विचारलं, गेल्या महिन्यानंतर ती त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होती. त्यांनी हो म्हटलं.

फोन पुन्हा वाजला तेव्हा मृणाली गेली होती आणि आरोही तिच्या आबांच्या पाठीला टेकून बसली होती.

"किती वेळ लावतोय फोन," हितेश म्हणाला. "झोपलेलीस काय?"

"गॅलरीत होते."

"बरं ऐक. त्या कर्जतवाल्याला काय सांगू? तो जागा धरून बसलाय."

"नको सांग, दादा."

"नको म्हणजे? परवा रडत कोण होतं?"

"मीच. उद्यापण रडेन."

"आणि परत नळ सोडले तर?"

"मृणाली शिव्या घालेल. घालू दे. तू शनिवार-रविवार येऊन बसत जा, मला तेवढी उसंत दे. बाई बघू या एखादी दिवसाची. पण इथंच राहू दे त्यांना."

पलीकडे ट्रेलरचे हॉर्न वाजत होते. हितेश काहीतरी तोडून बोलणार हे तिला श्वासावरून समजलं. पण त्याने निराळंच विचारलं.

"काय झालं, क्रांती?"

तिने सांगायचं ठरवलं आणि तिला एवढंच सांगता आलं. "बाबांनी उघाडी उघडली."

हितेशही त्याच बांधावर वाढला होता. "पाणी किती होतं?" त्याने विचारलं, आणि विचारून गेल्यावर स्वतःच ओशाळल्यासारखा खाकरला.

"भरपूर," क्रांती म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती तशीच बसून राहिली. लॅपटॉपवर कुठल्यातरी कंटेनरचा कटऑफ टळत असेल. टळू दे म्हणण्याइतकी ती श्रीमंत नव्हती, थोड्या वेळाने ती उठणारच होती. उद्या बाबा पुन्हा काच चाचपतील, तिला कोन पायजे म्हणतील, ती पुन्हा चिडेल आणि चिडल्याबद्दल रात्री त्यांचे पाय दाबेल. आजच्याने काही मिटलं नव्हतं हे तिला पक्कं माहीत होतं. खिट्टीसुद्धा बदलावी लागणार होती. पण उठायच्या आधी तिला त्या दोन पाठींकडे थोडं बघायचं होतं, एक वाकलेली, एक एवढीशी. देवाचं नाव घ्यावं असं तिला वाटलं आणि तोंडात आईचं आलं. मृणालीने जाण्याआधी चहा करून ठेवला होता, बरोबर बशीत बिस्किटं. बाबांनी एक बिस्कीट चहात बुडवलं, ते मऊ व्हायची वाट पाहिली, आणि गळायच्या आत अचूक उचलून पाठीमागे धरलं.

"घे, क्रांते."

एरवी क्रांती लगेच म्हणायची, बाबा, ती आरोही, क्रांती मी. दर वेळी म्हणायची, न थकता, जणू तेवढ्याने त्यांना हाताला धरून आजच्या दिवसात आणता येईल. आज ती काही बोलली नाही. आरोही बिस्कीट तोंडाशी नेऊन थांबली, आईच्या त्या वाक्याची वाट बघत. ते आलं नाही. तेव्हा तिने बिस्कीट खाल्लं, हात फ्रॉकला पुसला, आणि गुडघ्यांवर चालत आईपाशी येऊन तिच्या मांडीवर दोन्ही कोपरं रोवली.

"आई, मी आरोही ना?"

"हो गं."

"आणि तू क्रांती."

"हो."

"पण आबांची क्रांती लहान आहे. तिचे पाय भिजतात." आरोहीने आईच्या पायांकडे पाहिलं, मग स्वतःच्या, आणि मग बराच वेळ आईच्या चेहऱ्याकडे, जशी मघाशी क्रांती काचेतून तिच्याकडे बघत होती. "ती आता कुठे आहे?"